दुपारी दोनला या

पहाटे साडेपाचला आम्ही फाटकाबाहेर पडतो. त्या वेळी पार्ल्यात जागे असतात ते दूधवाले, पेपरवाले, योगवर्गाला निघालेले ज्येष्ठ नागरिक आणि आम्ही दोघं. यातला ज्याला वेळ असतो तो थांबतो, कुत्र्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि दोनच प्रश्न विचारतो. "हस्की का हो?" आणि "केवढ्याला पडला?"

पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसरा मी ऐकू न आल्यासारखं करते. कुत्रा मी घेतलेलाच नाही. घेतला माझ्या भाच्यानं. पवईला नोकरी, भाड्याचा फ्लॅट, हातात पहिल्यांदाच बरा पगार. आणि तेव्हा एका परदेशी मालिकेतले बर्फातले लांडगे पाहून ज्याला त्याला हस्की हवा झाला होता, तसा यालाही. दीड वर्षानं त्याचं कॅनडात, कॅल्गरीचं काम झालं. "मावशी, फक्त सहा महिने. तिकडे बस्तान बसलं की नेतो त्याला," असं म्हणून एक पट्टा, अर्धं पोतं खाणं आणि एक चावलेली चप्पल यांच्यासकट कुत्रा माझ्याकडे ठेवून तो विमानतळावर गेला. त्याला आता सात वर्षं झाली. भाचा उणे वीस अंशांत दोन जाकिटं चढवून बसची वाट बघतो आणि कुत्रा विलेपार्ल्यात माझ्या पंख्याखाली पडलेला असतो. पोस्टात पाकिटांची अदलाबदल व्हावी तसं काहीतरी झालं आहे.

भाच्यानं नाव ठेवलं होतं युकॉन. ते कुणाच्या तोंडात बसेना. समोरचे आजोबा त्याला ‘दुकान’ म्हणायचे. भांड्यांना येणाऱ्या ताईंनी आठवड्याभरात त्याचा योगेश केला आणि तो लगेच योगेशला ओ द्यायला लागला. मग आम्हीही तेच धरलं. पालिकेच्या परवान्यावर मात्र अजून युकॉनच आहे.

माझ्याकडे आल्यावर पहिल्यांदा लशीसाठी नेला, तर डॉक्टरांनी त्याला एकदा टेबलाभोवती फिरवला, पंजा हातात घेतला, डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हस्की म्हणून दिलाय का तुम्हाला? हा अलास्कन मॅलम्यूट आहे." म्हणजे भाच्याची फसवणूक झाली होती, पण उलट्या बाजूनं. किलो सांगून दीड किलो दिल्यासारखी.

फरक तसा मोठा आहे. हस्की सायबेरियाचा, सडपातळ, नर सहसा २७ किलोच्या वर जात नाही, आणि त्याचे डोळे निळे असू शकतात. मॅलम्यूटच्या नराचं प्रमाण माप खांद्यापाशी २५ इंच आणि वजन ८५ पौंड, म्हणजे साडेअडतीस किलो. डोळे तपकिरीच लागतात. निळे निघाले तर प्रदर्शनातून बाद. शेपूट पाठीवर तुऱ्यासारखी वळलेली. मुंबईकराला एका वाक्यात सांगायचं तर हस्की ही फास्ट लोकल आणि मॅलम्यूट ही मालगाडी. त्याला शर्यत मारायची नसते. जड ओझं, सावकाश, दिवसभर.

अलास्काच्या वायव्येला, आर्क्टिक वर्तुळाच्या आसपास कोट्झेब्यू साउंड नावाची खाडी आहे. तिथल्या मॅलेम्यूट या इन्युपियाक लोकांवरून या कुत्र्याचं नाव पडलं. आपल्याकडे घरचा बैल असतो तसा त्यांच्याकडे हा. शिकार केलेल्या सीलचं मांस घरी ओढून आणायचं, मुक्काम हलला की सामान ओढायचं. १८९६ मध्ये अलास्काशेजारी, कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि हजारो माणसं तिकडे धावली, तेव्हा ओझ्याच्या कुत्र्यांना सोन्याचाच भाव आला. मिळेल त्या कुत्र्याशी संकर झाले आणि मूळ जात जवळजवळ विरघळून गेली. काही लोकांनी ती चिकाटीनं पुन्हा उभी केली आणि १९३५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं तिची नोंद केली. २०१० मध्ये मॅलम्यूट हा अलास्काचा अधिकृत राज्य-कुत्रा झाला, आणि तोही अँकरेजच्या शाळकरी मुलांनी पाठपुरावा केला म्हणून. आपल्याकडे शाळकरी मुलांनी आमदारांकडून एखादा गतिरोधक जरी करून घेतला तरी पेपरात फोटो येतो.

तर अशा प्राण्याच्या अंगावर जे जे आहे ते कशासाठी आहे हे मला हळूहळू कळत गेलं. पंजे एवढे मोठे आणि बोटांमध्ये केस, कारण भुसभुशीत बर्फात पाय रुतायला नको. कान लहान आणि आतून केसाळ, कारण मोठे कान गारठतात. शेपूट झुबकेदार, कारण झोपताना ती नाकावर घ्यायची. उत्तर चोख पाठ आहे, पण तो प्रश्न पार्ल्यात पेपरला येतच नाही. शेपटी नाकावर घेऊन, पुरणाच्या उंड्यासारखा गोळा होऊन झोपलेला मी त्याला सात वर्षांत दोनदा पाहिला आहे. दोन्ही वेळा जानेवारीत. एरवी तो चारी पाय चार दिशांना टाकून पोटावर पसरतो, वाघाच्या कातड्यासारखा. आई म्हणते, याला माझ्या लग्नाच्या वर्षी आणायला हवा होता. १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. मुंबईत त्याहून कमी तापमानाची नोंद नाही. तेव्हा आईनं रुखवतातली गोधडी पहिल्याच आठवड्यात काढली होती म्हणे.

आईचं वय आता पंच्याऐंशी. जन्मभर सोवळ्याओवळ्यात गेलेली बाई. कुत्रा येणार म्हटल्यावर तिनं देवघराच्या दाराला फळी लावून घेतली. ती फळी अजून आहे. फरक एवढाच की आता ती फळीच्या अलीकडे बसून त्याचे केस विंचरते.

हे विंचरणं म्हणजे काय ते सांगायला हवं. मॅलम्यूटला दोन थर असतात. वरचे केस राठ आणि लांब. त्यांच्याखाली दाट, किंचित तेलकट लोकर. थंडीत दोन्हींच्या मध्ये हवा अडकते आणि अंगातली ऊब बाहेर पडत नाही, इतकी की पाठीवर पडलेला बर्फ न वितळता तसाच राहतो. ही आतली लोकर वर्षातून दोनदा सुटते. ‘सुटते’ हा सौम्य शब्द झाला. गादी फाटल्यासारखी बाहेर येते. चहात येते, वरणात येते, इस्त्रीवाल्याकडून आलेल्या घडीत येते. त्या दिवसांत रोज पाऊण तास लांब दातांच्या फणीनं उलगडत बसावं लागतं, नाहीतर गुठळ्या होतात, आणि आपल्या हवेत त्या गुठळीखाली कातडी ओली राहून तीन दिवसांत चिघळते. हे काम आईनं आपणहून घेतलं. "पाच बहिणींच्या वेण्या घातल्यात मी," म्हणाली.

पहिल्या मे महिन्यात एकदा मी पाहिलं, तर फणीतून निघालेली पांढरी लोकर आईच्या मांडीवर साचली होती आणि तिची बोटं आपोआप वात वळत होती. साठ-सत्तर वर्षांची सवय. मऊ, पांढरं काही हाताला लागलं की वात. दोन-तीन झाल्यावर तिच्या लक्षात आलं, तेव्हा ती एकटीच हसली, आणि त्या वाती तिनं खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कावळीणीनं नेल्या. आता दर वर्षी आम्ही मूठभर लोकर खिडकीत ठेवतो. समोरच्या आंब्यावरच्या घरट्याला अलास्काचं अस्तर आहे.

"मॅडम, मशीन मारून टाका ना, बिचारा," असं मला आमच्या वॉचमनपासून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं आहे. एका केस कापणाऱ्यानं तर झिरो मशीनचा दरही सांगितला. भादरायचं नसतं. वरचे राठ केस ऊनही अडवतात, कातडी भाजू देत नाहीत. आणि मुळापासून कापले तर कधीकधी धड परत येत नाहीत, ठिगळं ठिगळं उगवतात. सुटलेली लोकर काढून टाकायची म्हणजे मधून वारा खेळतो. इतकंच आपल्या हातात.

बाकीचं हवेच्या हातात. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. जो येतो तो पंजाच्या गाद्यांना, तोही नावापुरता. त्याची सगळी मदार धापेवर. जीभ बाहेर काढून भराभर श्वास घ्यायचा, तोंडातला ओलावा हवेत उडवायचा आणि रक्त थंड करायचं. पण मुंबईची हवा आधीच ओली. ती आणखी ओलावा घेतच नाही. ओल्या टॉवेलनं अंग पुसावं तसं. म्हणून पारा पस्तिशीच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नसतो.

हे मी वाचून शिकले असं सांगायला आवडलं असतं. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात माझा एकदा डोळा लागला. उठले तेव्हा आठ वाजले होते, आणि तो दाराशी पट्टा तोंडात घेऊन उभा. म्हटलं, पटकन एक फेरी मारून आणू. बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत ठीक होता. तिथून परत फिरताना त्याची चाल मागच्या पायांत सैल पडली, दारू प्यायलेल्या माणसासारखी. मग तो बसला. मग आडवा झाला. हिरड्या लालभडक, लाळ दोरीसारखी. मी त्याला उचलू शकत नाही. तेव्हा तो बेचाळीस किलो होता. दोन रिक्षा थांबल्या, कुत्रा बघून गेल्या. पालेभाजीवाल्या मावशींनी काही न विचारता भाजीवर शिंपडायची बादली त्याच्या पोटावर आणि जांघेत ओतली, पोत्यानं वारा घालायला लागल्या आणि आपल्या मुलाला ओरडल्या, "हातगाडी आण रे!" कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला सारून आम्ही त्याला गाडीवर घातला. डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा ताप ४१ च्या वर होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८-३९, त्यामुळे हा आकडा ऐकायला वाटतो त्याहून वाईट. सलाईन, पंखा, ओले टॉवेल. संध्याकाळी त्यानं शेपूट हलवली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून रडले, आणि मग आठवलं की हातगाडीचे पैसे द्यायचे राहिले. दुसऱ्या दिवशी गेले, तर मावशी म्हणाल्या, "पैसे कसले, योगेश कसाय ते सांगा."

आयुष्यभर ओझी ओढायला जन्मलेला प्राणी, आणि त्यालाच हातगाडीवरून ओढून न्यावं लागलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला जीभ वाचायला शिकवली. धाप साधी असेल तर जिभेचं टोक निमुळतं राहतं. अंग तापायला लागलं की जीभ लांबते आणि टोक चपटं, रुंद होत जातं, भात वाढायच्या चमच्यासारखं. तो चमचा दिसला की थांबायचं, सावली, पाणी, वारा. तेव्हापासून मी त्याच्या तोंडाकडे बघते तशी कुणाच्याच तोंडाकडे बघत नाही.

मुंबईत लादी तीन प्रकारची असते: पावाची, बर्फाची आणि जमिनीची. योगेशला तिन्ही प्रिय. पाव त्याला मिळत नाही. वजन एकेचाळीसवरून एकोणचाळीसवर आणायचं आहे, कारण या जातीत खुब्याचे सांधे कुरकुरतात आणि तो आता साडेआठ वर्षांचा आहे. तशी ही कुत्री आकाराच्या मानानं कमी खातात. उपाशी दिवस काढायची त्यांच्या रक्ताला सवय. आपण लाडानं भरवतो आणि खुब्यावर भार टाकतो.

जमिनीची लादी म्हणजे आमची मोझेक. १९६८ चं बांधकाम, तळमजला, खाली थेट माती. स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधली दोन बाय तीन फुटांची जागा घरात सगळ्यात गार आहे हे मला या घरात बेचाळीस वर्षं राहून माहीत नव्हतं. त्यानं पहिल्या दुपारी शोधलं. आता इमारत पाडून टॉवर होणार आहे. सभेत सगळे गुळगुळीत चकचकीत टाइल्सची पुस्तकं चाळत होते आणि मी विचारलं, "मोझेक मिळेल का?" वास्तुरचनाकारांनी मला फार आदरानं समजावलं, म्हातारीला समजावतात तसं. त्या चकचकीत लादीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आणि बर्फाची लादी. रसवाल्याकडे पहाटे येते, पोत्यात गुंडाळलेली. त्यातला चौथा हिस्सा तो आम्हाला तोडून देतो. पांढराच, कारण न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालतात. योगेश आधी तो दोन मिनिटं चाटतो, मग हनुवटी टेकून डोळे मिटतो. थंडीचं सामान बाहेरून मागवायची या शहराची खोड जुनी आहे. १८३० च्या दशकात बॉस्टनहून जहाजानं इथे बर्फ यायचा, अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला, लाकडाच्या भुश्श्यात दडपलेला; फोर्टात तो साठवायला खास आइस हाऊस होतं. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत बराच वितळणार हे धरूनच भरायचे. पण बर्फ वितळला तर पाणी होतो, कुणाचं काही जात नाही.

लोकांना वाटतं याला बर्फाची आठवण येत असेल. पाहिलेलाच नाही तर आठवण कसली? पिल्लू असल्यापासून हा पवई आणि पार्लं. भाचा व्हिडिओ कॉलवर हिमवर्षाव दाखवतो, तेव्हा हा फोनच्या मागे जाऊन भाचा कुठे आहे ते हुंगतो. माझं मत विचाराल तर उकाड्याला उपाय आहेत, पैसे टाकले की होतात. एप्रिल ते जून आणि ऑक्टोबरात दुपारचा एसी चालतो, विजेचं बिल बघून भावाला वाटतं मी घरात गिरणी चालवते. याला खरी टंचाई आहे ती कामाची. पहिल्या वर्षी यानं सोसायटीच्या बागेत तुळशीवृंदावनाएवढे तीन खड्डे केले, बाथरूमचं दार खरवडलं आणि पट्टा ओढून माझा खांदा निखळवला. रोज संध्याकाळी शेजारी शंख वाजला की मान वर करून असा लांब हेल काढायचा की वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी एकदा सांगितलं, "काळी पाच लागते हो त्याची." हा भुंकत जवळजवळ नाहीच. बोलतो. वू-वू-वू करत, आवाज चढवत, हातवारे तेवढे बाकी ठेवून तक्रार करतो. आणि राखणीला शून्य. कुरियरवाल्याला स्वयंपाकघरापर्यंत घेऊन येतो. एक घूस तेवढी मारली होती, तेव्हा वॉचमननं त्याला सलाम केला आणि मी घुशी-उंदरांपासून होणाऱ्या लेप्टोची लस वेळेवर झाली होती ना ते बघायला फाइल उघडली.

मग कुणीतरी सांगितलं, ओढतोय तर ओढू द्या. छातीवर नीट बसणारा हार्नेस शिवून घेतला. पंक्चरवाल्यानं एक जुना टायर दिला. आणि आम्ही जुहूला गेलो. त्यासाठी मला समुद्र शिकावा लागला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे जुनं गणित: अष्टमीला सहाला भरती, म्हणजे पहाटे वाळूच नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पहाटे सहाच्या सुमाराला ओहोटी, किनारा पार आत गेलेला, वाळू ओली आणि घट्ट. त्या आठ-दहा पहाटा आमच्या. देवघरातलं कालनिर्णय आता मी चतुर्थीसाठी कमी आणि कुत्र्यासाठी जास्त बघते.

हार्नेसची बकल लागली की त्याचा चेहरा बदलतो. लाडीगोडी संपते. खांदे खाली, मान पुढे, दोरी ताठ होईपर्यंत एक क्षण थांबतो आणि मग टायर हलतो. मागे वळून बघत नाही. मी ‘थांब’ म्हटलं तर थांबतो, पण त्रासल्यासारखा, कार्यालयात फाइल हातातून काढून घेतली की हेडक्लार्क बघायचे तसा. अर्धा तास, फार तर पाऊण. आकाश उजळायला लागलं की परत. त्या दिवशी घरात खड्डा नाही, हेल नाही.

येताना वर्सोव्याच्या कोळिणीकडून सुके बोंबील. शाकाहारी घरात बोंबील कसे आले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आईनं नाकाला पदर लावून परवानगी दिली, एवढंच सांगते. अलास्कात ओझ्याच्या कुत्र्यांना सुकवलेला सामन घालत आले. त्यातल्या एका जातीला तर लोक ‘कुत्र्यांचा सामन’च म्हणतात. तिकडे नदीकाठच्या मांडवांवर सामन वाळतो, इकडे वर्सोव्याच्या वलांडीवर बोंबील. योगेशला फरक पडत नाही.

आणि इथेच माझी अडचण सुरू होते. पहाटेच्या गार वाऱ्यात, ओल्या चमकत्या वाळूवर, मागे गुलाबी आकाश, आणि टायर ओढत चाललेला हा देखणा प्राणी. धावणारे थांबतात, फोन काढतात. फोटोत दमटपणा दिसत नाही. विजेचं बिल दिसत नाही. सात वर्षांत मी मे महिन्यात मुंबईबाहेर पाऊल टाकलेलं नाही, पुण्याच्या सख्ख्या पुतणीच्या लग्नाला अक्षता टाकून रात्रीच्या गाडीनं परत आले, हे दिसत नाही. दिसतो तो खुशीत असलेला कुत्रा.

तीन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतल्या एका कुटुंबानं हस्की आणला. पेढे घेऊन आले होते. "तुमचा बघूनच घेतला हो!" पश्चिमेकडची बंद केलेली बाल्कनी, दोघं नोकरीला, मुलगा क्लासला. माणसं वाईट नव्हती. मी त्यांना सगळं लिहून दिलं, दोन पानं. पावसाळ्यात त्याच्या पाठीला चट्टे पडले, दिवाळीपर्यंत सोफा गेला, रडण्याच्या तक्रारी सेक्रेटरीकडे गेल्या. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "फार्महाऊसवर पाठवला. कर्जतकडे. मोकळी जागा, मजेत आहे." मी पत्ता विचारला. बघायला जाईन म्हटलं. त्यांना नीटसा माहीत नव्हता. मुंबईतून एवढी कुत्री फार्महाऊसवर जातात, पण त्या फार्महाऊसचा पत्ता कुणापाशी नसतो.

त्या रात्री मला झोप नाही आली. मी याची जितकी निगा राखते तितका हा चांगला दिसतो, आणि हा जितका चांगला दिसतो तितकं लोकांना वाटतं, होतं की मुंबईत, पार्ल्याच्या त्या बाईंकडे आहे ना. रोज पहाटे साडेपाचला मी स्वखर्चानं कुणाच्या तरी धंद्याची जाहिरात फिरवून आणते.

दक्षिण ध्रुवावर माणूस पहिल्यांदा पोचला तो अशाच कुत्र्यांच्या जिवावर. १४ डिसेंबर १९११. नॉर्वेचा अमुंडसेन ५२ कुत्री घेऊन निघाला आणि ११ घेऊन परतला; बाकीची वाटेत खाण्यासाठीच होती, ते आधीच ठरलेलं. पुढे ऐंशी वर्षं कुत्र्यांनी तिथे स्लेज ओढल्या. मग १९९१ मध्ये करार झाला आणि १ एप्रिल १९९४ च्या आत अंटार्क्टिकावरून सगळी कुत्री हलवली, कारण हा प्राणी मूळचा तिथला नाही, आणि त्याच्यामुळे तिथल्या सीलना रोग होऊ शकेल. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. बर्फाचा अख्खा खंड, आणि तिथेही लोकांनी बसून ठरवलं की इथे हा नको. आई वाती वळत होती, कापसाच्या. म्हणाली, "आणि आपण?" योगेश मोरीजवळ पसरला होता. एक डोळा उघडून त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि मिटला.

तर आता मी एक युक्ती काढली आहे. कुणी फारच मागे लागलं, कुठून घ्यायचा, पिल्लू बघून द्याल का, तर मी म्हणते, दुपारी दोनला या. ऑक्टोबरात या. बहुतेक येत नाहीत. गेल्या ऑक्टोबरात आले. नवं जोडपं, सहा-सात वर्षांची मुलगी. रविवार होता, बाहेर पानही हलत नव्हतं. मी मुद्दाम काही आवरलं नव्हतं. सतरंजीवर केस, कोपऱ्यात केसांनी भरलेली पिशवी, फ्रिजवर विजेचं बिल, आणि जेवण करून झोपलेला योगेश, मोरीच्या वाटेत, मेल्यासारखा. म्हटलं, हेच बघू देत.

बेल वाजली. त्यानं कान हलवला. उठला. आधी पुढचे पाय, मग थांबून, मागचे. शेपूट पाठीवर चढली. आईची चप्पल तोंडात घेऊन तो दारापर्यंत गेला, वू-वू-वू करत तिघांना आत घेऊन आला, चप्पल मुलीच्या पायाशी ठेवली आणि तिच्यासमोर बसून पंजा पुढे केला. इतका गुणी तो माझ्यासाठी वर्षातून एकदाही वागत नाही. मुलीनं दोन्ही हात त्याच्या मानेत खुपसले. वडिलांनी फोन काढला.

"ताई, किती शांत आहे!" मुलीची आई म्हणाली.

"तो रात्रभर..." मी सुरुवात केली.

"आई, बघ ना," मुलगी म्हणाली, "हा हसतोय!"

त्याचं तोंड उघडं होतं, डोळे बारीक झाले होते, आणि जीभ बाहेर, लांब, टोकाशी चमच्यासारखी रुंद.

मी उठून एसी लावला.